न प्यालेली दारू

नगरसेवक असो, पैलवान असो, नाहीतर सकाळी बायकोशी भांडून आलेला मास्तर असो, आमच्या खुर्चीत बसला की त्याचं तोंड सुरू होतं. उसाचा दर, क्रिकेट, मुंबईचं सरकार, दिल्लीचं सरकार, सगळ्यांची बिनपाण्यानं होते. पण वस्तरा हनुवटी उतरून गळ्यावर आला की तोच माणूस गप्प. डोळे मिटतो, श्वास धरतो. तेवढा वेळ अख्ख्या पेठेत मी एकटाच बोलतो.

या अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. 'दत्ताभाऊ, सलूनचे अनुभव लिहा,' म्हणाले. त्यांना वाटलं असेल, मी कटिंगच्या फॅशनी कशा बदलल्या ते लिहीन. ते कुणीही लिहील. मला सांगायचंय ते माझे हात थरथरायला लागले त्याबद्दल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दाढी म्हणजे घासायचं काम. तसं नसतं. डाव्या हातानं कातडी ताणायची आणि उजव्या हातानं वस्तरा नुसता टेकवायचा. जोर द्यायचा नाही, तो आपल्या वजनानं उतरतो. एकदा केसांच्या दिशेनं फिरवायचा, एकदा उलटा. सगळी करामत हात स्थिर ठेवण्यात. हात हलला की दाढी होत नाही, कोरीवकाम होतं.

तर एका थंडीत माझं कोरीवकाम सुरू झालं.

पहिला मान हिंदुराव मामांचा. मामा एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर, एक दिवसाआड दाढीला येणार म्हणजे येणार. त्यांच्या गळ्याच्या घाटीपाशी मी वस्तरा टेकवला आणि लाल रेघ उमटली. तुरटी लावली. दुसऱ्या बाजूला गेलो, तिकडेही रेघ. मामांनी एक डोळा उघडला.

"दत्ता, दाढी कराय आलोय लेका, पोस्टमार्टमला न्हाई."

हसण्यावारी नेलं. पण हात काही थांबेना. त्यात मला उकडायचं. गिऱ्हाइकं कानटोपी घालून यायची आणि मी पंखा फुल्ल सोडून घाम पुसत उभा. भूक तर विचारू नका. सकाळी मिसळ, दुपारी डबा, चारला भजी, संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा भाकरीवर तुटून पडायचं. आणि एवढं खाऊन पँट कमरेवरून घसरायची. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. एका गिऱ्हाइकानं 'कल्ले जरा लांब ठेवा' एवढंच म्हटलं, तर मी त्याच्यावर असा ओरडलो की समोरचा चहावाला किटली घेऊन बाहेर आला.

हात थरथरतात, डोळे लाल, घाम येतो, अंगावर मांस नाही, उगाच भांडतो. कोल्हापुरात एवढी लक्षणं एका माणसात दिसली की रक्त तपासायची गरज लागत नाही. आठवड्यात गल्लीनं निदान केलं: दत्ता प्यायला लागला.

आता मी खरं सांगतो. मी दारूला कधी शिवलो नाही. धार्मिक वगैरे कारण नाही. तरुणपणी एकदा वास घेतला, तो आवडला नाही, विषय संपला. सिगरेट मात्र ओढायचो, तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

एकदा घरी गेलो तर बायको, शोभा, दारातच उभी.

"तोंड उघडा."

"अगं, चपला तर काढू दे."

"आ करा म्हणतो ना मी!" आमच्याकडच्या बायका 'करतो, म्हणतो' असंच बोलतात, आणि राग आला की मग विचारूच नका.

मी आ केला. तिनं वास घेतला. चेहऱ्यावर समाधान काही दिसेना.

"वास तर न्हाई. व्होडका असंल. तिला वास नसतो म्हणं."

"तुला काय माहीत?"

"संभादादानं सांगितलं."

संभाजी म्हणजे तिचा भाऊ, कोडोलीचा. पुढच्या रविवारी तो मला उपदेश करायला मोटरसायकलवरून आला. माझ्या खांद्यावर हात टाकून, तोंड माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाला, "दाजी, दारू लई वाईट." ते त्याला चांगलंच माहीत होतं, कारण त्या क्षणी कुणी काडी ओढली असती तर आम्ही दोघेही पेटलो असतो.

मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. तेही माझं गिऱ्हाईक. नाडी बघितली, जीभ बघितली, आणि हळूच विचारलं, "रोज किती होतात?"

"वीसेक," मी म्हणालो. "लग्नसराईत तीसही होतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वीस? आणि दुसऱ्या दिवशी उठून दुकान उघडता?"

मी दाढ्या सांगत होतो, ते पेग मोजत होते. हा घोळ निस्तरेपर्यंत त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. ॲसिडिटीची गोळी, झोपेची गोळी आणि ताकदीचं इंजेक्शन देऊन त्यांनी मला वाटेला लावलं. शिवाय शोभाला वेगळं बोलवून 'यांना मनानं सावरायला हवं' असंही सांगितलं. ती घरी येऊन रडली. मी चिडलो, पुन्हा हात थरथरले, म्हणजे पुन्हा पुरावा मिळाला.

पुढे डोळे मोठे व्हायला लागले. मला कळलंच नाही. तुम्ही म्हणाल, जन्मभर आरशासमोर उभा राहणारा माणूस, त्याला स्वतःचे डोळे दिसले नाहीत? नाहीत. न्हावी आरशात स्वतःला बघत नसतो, समोरच्याचे कल्ले सारखे आहेत का ते बघतो. एक दिवस एक बांधकाम ठेकेदार खुर्चीतून ताडकन उठला.

"डोळं कुणावर वटारतोयस रं?"

"मी कुठं वटारले?"

"मग आरशातनं काय बघतोयस मघापासनं?"

तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बुबुळाच्या वरचंही पांढरं दिसत होतं. फोटो काढताना कुणीतरी मागून चिमटा काढावा तसा माझा चेहरा. ठेकेदार अर्ध्या कटिंगवर निघून गेला. हळूहळू गिऱ्हाइकं पातळ झाली. कटिंगला यायची, दाढीला यायची नाहीत. हिंदुराव मामा तेवढे येत राहिले. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला भीती वाटत नाही?" तर म्हणाले, "घाटात ब्रेक फेल झाल्याली गाडी खाली आणल्याली हाय मी. तुझ्या हाताला काय भितोय?" मग खुर्चीत बसून दाढी होईपर्यंत मला शिव्या घालायचे. दारू सोड, पोरीचं लग्न व्हायचंय, लाज वाटू दे, असं सगळं. गळ्यावर वस्तरा असतानासुद्धा गप्प न बसणारं ते एकमेव गिऱ्हाईक.

वैशाखात गल्लीतल्या अमोलचं लग्न होतं. नवऱ्या मुलाची दाढी घरी जाऊन करायची आमच्याकडे पद्धत. त्याला लहानपणापासून मीच केस कापून मोठा केलेला, म्हणून त्यानं हट्टानं मलाच बोलावलं. अंगणात पाटावर अमोल, अंगाला हळद, भोवती पाहुण्यांचा गराडा. उजवा गाल झाला. गळ्यावर आलो आणि माझ्या छातीत कुणीतरी हलगी वाजवायला घेतली. इतकी जोरात, की ती मांडवातली वाजतेय असं मला वाटलं. हात असा हलायला लागला की पातं त्याच्या कातडीपासून बोटभर अंतरावर नाचत होतं. तेवढं भान राहिलं म्हणून वस्तरा बाजूला टाकला आणि मी तिथेच खाली बसलो.

"सकाळ सकाळी लावून आलाय!" अमोलचा मामा ओरडला. "घालवा त्याला भाईर!"

अमोल उठला. माझं मनगट धरलं, आणि मामाला म्हणाला, "मामा, हात लावून बघा. नाडी बघा कशी पळतीय. ही दारू न्हवं." मग कुणाचं न ऐकता त्यानं गाडी काढली, मला मागे बसवलं, आणि हळद लावलेला, मुंडावळ्या न बांधलेला, अर्ध्या तोंडाला साबण असलेला तो नवरदेव मला घेऊन भर रस्त्यानं दवाखान्यात निघाला. सिग्नलला लोक बघत होते. एकानं विचारलंही, "पावणं, पळून निघालायसा काय?"

मला दवाखान्यात सोपवून तो परत गेला. मुहूर्त चुकला नाही. राहिलेली दाढी त्यानं स्वतःच मशिननं उरकली. अल्बममध्ये अजून त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा सावळा दिसतो, आणि त्याची बायको माणसं आली की मुद्दाम तो फोटो दाखवते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. छातीची पट्टी काढली. हार्ट अटॅक नाही म्हणाल्या, पण ठोके फार जलद होते. मग मला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळपानासारखा थडथडला. आतापर्यंत सगळ्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला होता. या बाईंनी वास घेतला नाही. माझ्या मागे उभ्या राहिल्या, गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आता घोट गिळा."

आयुष्यभर मी लोकांच्या गळ्यावर हात ठेवला, माझ्या गळ्यावर कुणी ठेवायची ती पहिली वेळ. मीसुद्धा गप्प झालो, डोळे मिटले.

"थायरॉईड वाटतोय," त्या म्हणाल्या. "गाठ सुजलीय."

रक्ताचे रिपोर्ट आले, त्यांचं म्हणणं खरं निघालं, आणि मला ग्रंथींच्या खास डॉक्टरांकडे पाठवलं. शोभा सोबत आली. तिथल्या बाकांवर बघतो तर सगळ्या बायका. मी आत शिरताच सगळ्यांनी पदर सारखे केले. माझं नाव पुकारलं तशी शेजारची आजी शोभाला म्हणाली, "जा बाई, तुझा नंबर आला. मालकांना बसू दे हितंच." शोभा म्हणाली, "मालकांचाच नंबर हाय." आजीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पलीकडच्या बाईला हळूच म्हणाली, "गडीमाणसालाबी व्हतं व्हय गं हे?" त्या 'हळूच' बोलण्याला सगळं वेटिंग हसलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गळ्यात फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. ती शरीराची गाडी कुठल्या वेगानं चालवायची ते ठरवते. आपल्या रक्तात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. माझे पहारेकरी चुकून या ग्रंथीच्याच मागे लागले होते, तिला सारखं टोचून पळवत होते. म्हणून ठोके जलद, म्हणून भूक, म्हणून थरथर आणि डोळे.

"म्हणजे भावकीच की," मी म्हणालो. "बाहेरचा कुणी नाही, घरातलेच उठलेत."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. आणि भावकीसारखंच, लगेच मिटत नाही. वर्ष दीड वर्ष गोळ्या, मधे मधे रक्ततपासणी. थरथर थांबायला सुरुवातीला वेगळी गोळी देतो. ताप आला किंवा घसा दुखला तर घरी काढा पीत बसायचं नाही, थायरॉईडची गोळी थांबवून तडक इकडे यायचं. सिगरेट ओढता?"

"ओढतो."

"आजपासून बंद. डोळे वाचवायचे असतील तर."

बाहेर पडताना ते आणखी एक बोलले. "हे घराण्यात असू शकतं. बहिणीला, मुलीला काही त्रास वाटला तर तपासून घ्या. त्यांच्यात उलटंही होतं, ग्रंथी मंद पडते."

मला कधी एकदा गल्लीत जाऊन सांगतो असं झालं होतं. पिणारा नव्हतो, आजारी होतो! कागद होता हातात! पण रिक्षात बसल्या बसल्या शोभा म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाई."

"का?"

"स्नेहलचं कागलच्या पावण्यांशी बोलणं चाललंय. बाप पितो म्हटलं तर लोक म्हणतात, कोण पीत न्हाई? घराण्यात आजार हाय म्हटलं तर दारातनं परत जातील."

स्नेहल आमची एकुलती एक. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. मी म्हटलं, "अगं, मग तिची तपासणी?" तर शोभा म्हणाली, "अक्षता पडू देत. मग करू." आणि तिच्या बोलण्यात खोट काढायची माझीही तयारी नव्हती. कागलचं स्थळ खरंच चांगलं होतं.

गोळ्यांनी काही आठवड्यांत हात थांबले. अंग भरलं. झोप लागली. गिऱ्हाइकं परत आली. आणि गल्लीला दुसरं निदान मिळालं: दत्तानं दारू सोडली! श्रेय घ्यायला रांग लागली. हिंदुराव मामा सगळ्यांना सांगायचे, "मी सोडवली. एक दिवसाआड शिव्या घातल्या." संभाजी म्हणायचा त्यानं सोडवली. मी मान डोलवायचो. खरी सोडली होती ती सिगरेट, तिचं कौतुक कुणी केलं नाही.

गणपतीत मंडळानं कहर केला. अध्यक्ष दुकानात येऊन म्हणाले, "दत्ताभाऊ, यंदा व्यसनमुक्तीचा पुरस्कार तुम्हाला. पोरांसमोर आदर्श पायजे." मी नको नको म्हणालो, त्यांना तो विनय वाटला. शोभानं कागलच्या पाहुण्यांनाही आरतीला बोलावलं. बापाचा सत्कार बघून चांगलंच वाटेल, असा तिचा हिशेब.

मांडव खचाखच. शाल, श्रीफळ, आणि काचेचं सन्मानचिन्ह, त्यावर माझं नाव आणि खाली 'व्यसनमुक्त'. पाहुणे पुढच्या रांगेत. अध्यक्षांनी माइक माझ्या हातात दिला. समोर माणसं इतकी दाटलेली की पोरं शर्टानं वारा घेत होती. आणि त्यात, बायकांच्या बाजूला, स्नेहल स्वेटर घालून बसली होती. चेहरा सुजल्यासारखा, आणि त्या दणदणाटात तिचे डोळे मिटत होते.

मला एकदम सगळं दिसायला लागलं. गेले काही महिने ती ऑफिसच्या बसमध्ये झोपून पुढच्या थांब्यावर जात होती. फणीत केसांचे गुंतवळ येत होते. मला उकडत होतं तेव्हा तिला थंडी वाजत होती. डॉक्टरांनी 'उलटंही होतं' म्हटलेलं मी दुकानातल्या केसांबरोबर झाडून टाकलं होतं.

"मंडळाचा आभारी आहे," मी म्हणालो. "पण माझी दारू सुटलेली नाही."

मांडवात 'अरारारा' झालं. शोभानं कपाळाला हात लावला.

"कारण ती मी कधी धरलीच नव्हती. मला थायरॉईड झालाय. रिपोर्ट आहेत, रोज गोळ्या चालू आहेत. हात त्यानं थरथरत होते. कुणाच्या घरात कुणाचं असं काही होत असेल तर तोंडाचा वास नंतर घ्या, आधी रक्त तपासा."

स्नेहलचं नाव मी घेतलं नाही. तेवढं डोकं जाग्यावर होतं.

मग मागून हिंदुराव मामांचा आवाज. "मग एवढं दिवस मी शिव्या कुणाला घातल्या?"

"मलाच की मामा."

"म्हंजे वाया गेल्या!"

मांडव फुटला हसून. अध्यक्षांनी घाईघाईनं पुढचा कार्यक्रम, संगीत खुर्ची, जाहीर केला. नंतर माझ्याजवळ येऊन ओशाळत म्हणाले, "शाल राहू दे दत्ताभाऊ. तेवढं चिन्ह द्या, नाव खरवडून दुसऱ्या कुणाला तरी वापरता येईल."

स्नेहल दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली. "पप्पा, माझी तपासणी करायला मंडळाचा माइक लागतो काय? घरात सांगता आलं नसतं?" तिचं खरं होतं. त्याच दिवशी तिला नेऊन रक्त तपासायला दिलं. तिची ग्रंथी मंद पडलेली, तेच पहारेकरी, तेच भांडण, फक्त तिच्याकडे ग्रंथी दमून बसली होती. तिला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि मग थोडा वेळ चहा नाही. बिनचहाचा तो वेळ आमच्या घरात कुणी तिच्या वाटेला जात नाही.

कागलच्या पाहुण्यांचा आठवड्यानं निरोप आला, पत्रिकेत काहीतरी निघालं. ती पत्रिका त्यांनी आधी दोनदा दाखवलेली. शोभा बरेच दिवस माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलत होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगला मुलगा होता. पण स्नेहल बसमध्ये जागी राहायला लागली, स्वेटर कपाटात गेला, आणि गाणं म्हणायची तिची सवय परत आली. ती बेसूर गाते, तरीही.

पुढच्या वर्षी चंदगडकडचं एक स्थळ आलं. मुलाचा काजू फोडायचा छोटा कारखाना. पाहुणे बसले, पोहे आले. शोभानं स्नेहलला आत दहा वेळा बजावलं होतं, काही बोलू नको. पोह्यांची बशी मुलाच्या हातात देताना स्नेहल सरळ म्हणाली, "मला थायरॉईड आहे. रोज गोळी घ्यावी लागते. जन्मभर. आधीच सांगते."

शोभानं डोळे मिटले. मुलाच्या आईनं मुलाकडे बघितलं. मुलानं बशी खाली ठेवली, घसा खाकरला.

"मीबी सांगतो मग. मी घोरतो. लई. पावसाच्या आवाजातसुदिक शेजारच्यांस्नी ऐकू येतंय."

"त्यावर गोळी असते का?" स्नेहलनं विचारलं.

"न्हाई."

"मग तुमचंच अवघड आहे," ती म्हणाली, आणि समोरची खुर्ची ओढून बसली.